मास्तर पाठीवर

कोन्सोलासिओनताईस,

थोरलीचा मान म्हणून तुझा हात कपाळाला लावून (पत्रातून लागेल तेवढा) लिपाहून धाकट्या पुरिताचे लिहिणे. गुडघे कसे आहेत? बागिओच्या थंडीत कुरकुरत असतील. इथे सगळे ठीक, फक्त तुझे मेहुणे आडवे पडलेत आणि त्याला कारण ते स्वतःच.

आमच्या लिगायाला मागणी घालणारा मनिलाचा जेरिको तुला ठाऊक आहेच. मुलगा गुणी, पण इंग्रजी शाळेतला; आपली भाषा बोलतो ती घशात माशाचा काटा अडकल्यासारखी. रीतीप्रमाणे तो मुलीच्या घरी राबायला आला आणि सहज म्हणाला, "मास्तर, काय कॅरी करू?" झालं! पेन्शनीत निघाले तरी यांच्या हातचा खडू काही सुटलेला नाही. "कॅरी? गोऱ्यांकडे एकच शब्द, बिचारे! आपल्याकडे खांद्या-पाठीवर घेतलं की पासान, डोक्यावर सुनोंग, काखेत किपकिप, कवेत कालोंग. एकेक शब्द अंगाने शीक, मग मुलगी माग." (या माणसाने लग्नापासून घरात पाण्याची बादलीसुद्धा उचललेली नाही. तिचा शब्द मला विचारा.)

मग पोराच्या खांद्यावर तांदळाचं पोतं, डोक्यावर माशांची पाटी, कवेत शेजारणीचं रडकं मूल आणि काखेत यांचा झुंजीचा कोंबडा. कोंबड्याने शर्टाची लक्तरं केली, तरी हे ओट्यावरून "कोपर आत घे रे!" शेवटी ही सगळी वरात बाजारात पोचली, तिथे "असं नव्हे, हे बघ" म्हणत स्वतःच पोत्याला हात घातला आणि पाठीत अशी उसण भरली की जागच्या जागी वाकडे. जेरिकोने पोतं तिथेच टाकलं, बाकीचं आम्हा मायलेकींकडे दिलं आणि यांनाच पाठीवर घेतलं. तिथूनही यांचं चालूच, "आता याला पासान म्हणायचं, कळलं?"

चर्चसमोर भर गर्दीत पोरगा थांबला. "मास्तर, लिगाया देताय की नाही? सांगितल्याशिवाय पाऊल उचलणार नाही." लिगाया रडकुंडीला आली, माझा जीव टांगणीला. आणि यांनी काय करावं? भुवया उडवल्या! आपल्यात तोच होकार, पण पाठीवरच्याच्या भुवया वाहणाऱ्याला दिसणार कशा? तो आपला उन्हात उभा. सगळ्या गावाला शब्द शिकवणाऱ्याच्या तोंडून एक 'हो' फुटेना. इतका राग आला ना मला! शेवटी मीच ओरडले, "हो म्हणाले रे, चल आता!"

तुझी,
पुरिता

ता. क. यांच्या पाठीला चोळायला तुझ्याकडचं ते उग्र तेल पाठव.

दुसरा ता. क. खरं काम राहिलंच. हे आता म्हणतात, "मी एक शब्दही बोललो नव्हतो," आणि ते खोटंही नाही. रविवारी जेरिकोचे आईवडील बोलणी करायला येताहेत. लिगायाला दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही. हे फक्त तुला वचकून असतात, तेव्हा तू ये आणि यांच्या समोरच बस. बोलू नकोस, नुसती भुवयांवर नजर ठेव.

तिसरा ता. क. तेल मात्र आणू नकोस. रविवारपर्यंत यांना उठून पळता येता कामा नये.