पदराला बांधलेले पाय

चि. धाकट्या,

आशीर्वाद, पण आज हात आखडता घेऊन. मी बरी आहे, काम चाललंय.

काल इथल्या थिएटरात तू लिहिलेला हिंदी सिनेमा पाहिला. त्यातली वेडी आई झोपलेल्या मुलाचा पाय पदराला बांधते आणि त्याला फरफटत विहिरीकडे नेते. लोक किंचाळले. मला संताप आला. आपली आई तिच्या मनाच्या आजारपणात आपल्या दोघांचे पाय पदराला बांधायची, ते आपल्याला कुणी उचलून नेऊ नये म्हणून! हे तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला माहीत होतं रे?

विहीर दिग्दर्शकाने घातली असेल, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. पण पदर तर तूच दिलास ना?

आई फोनवर म्हणाली, "अगं, लेकाचा सिनेमा! मी पहिल्या रांगेत बसणार." तिला झोप लागते ना? गोळ्या चालू आहेत?

तिला सिनेमाला नेण्याआधी समोर बसवून सगळं सांग. तुझ्याने होत नसेल तर कळव, मी रजा टाकून येते. तिला हे अंधारात, परक्या माणसांच्या किंकाळ्यांतून कळता कामा नये.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई