आधी कुणाचा गुडघा

पुणतांबा,
१३ नोव्हेंबर २०२५

सौ. बनाबाईस,

नवऱ्यानं बायकोला आशीर्वाद लिहायचा असतो, पण आज नमस्कारच लिहितो. तू भिंगारला माधुरीकडं सुखरूप पोचलीस, जावयांनी गाडीतून अलगद उतरवून घेतलं, हे कळलं. पोरीच्या घरी आता निवांत राहा.

इकडं ठीक आहे. कांद्याचं रोप चांगलं आलंय. गाय आज-उद्या व्यायची. शेजारच्या कडूबाई दोन्ही वेळा भाकरी आणून देतात. मी म्हटलं, वहिनी, नका त्रास घेऊ, मला चालता येतं. तर म्हणाल्या, "तुमाला चालता येतं हे सगळ्या गावाला दिसतंय, भावजी. बनाबाईचं काय ते बगा." ती भाकरी मी गाईला घातली.

माझा नवा गुडघा छान चाललाय. नदीपर्यंत जाऊन येतो. लोक थांबवून विचारतात, मग मी पाय वाकवून दाखवतो. काल तसाच दाखवत होतो आणि एकदम तुझं खाटेवरून उठणं आठवलं. बोलणं अर्धं टाकून घरी आलो.

तू तिथं खाली मांडी घालून बसू नको, खुर्चीवरच जेव. शेक घे. गुडघ्याला पट्टा बांधत जा. बाजारातल्या त्या तेलवाल्याचं तेल आता फेकून दे, त्यानं नुसता वास येतो. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नको.

माधुरी म्हणाली, सोमवारी तुला नगरला त्याच डॉक्टरांकडं नेणार. मी म्हटलं, दुसरे बघ. "का बाबा? तुमचा पाय एवढा चांगला केला की त्यांनी!" काहीतरी पुटपुटून फोन ठेवला.

बना, हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तू पुरतं ऐकायच्या आत "जाऊ द्या" म्हणाली असतीस आणि मी सुटलो असतो. म्हणून लिहितो.

फाल्गुनात आपण दोघं त्यांच्याकडं गेलो होतो. दोघांचे एक्स-रे काढले. तुला परत उठवेना म्हणून तू बाहेरच बसलीस, मी एकटा आत गेलो. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमच्या गुडघ्यात अजून थोडी गादी आहे. वजन उतरवा, व्यायाम करा, लागलं तर इंजेक्शन देऊ. तुमचं अजून काही दिवस निभेल. काकूंचा मात्र पार झिजलाय, हाडावर हाड घासतंय. गोळ्या-इंजेक्शनांनी आता भागायचं नाही. सांधा बदलायचा तर आधी त्यांचा."

बाहेर आलो आणि तुला म्हणालो, "माझा बदलायचा म्हणतात. तुझं गोळ्यांवर भागंल." तू म्हणालीस, "बरं झालं. तुमचं दुखणं तरी जाईल."

पुढच्या खेपेला मी एकटाच गेलो. दुखत होतं त्याहून वाढवून सांगितलं. काकूंचं काय, असं त्यांनी विचारलं तर म्हणालो, ती भिते, तयार होत नाही.

का केलं म्हणशील. तू अंथरुणाला लागलीस तर माझं कोण करणार, ही भीती. चूल, गोठा, माझं पथ्यपाणी. मी पडलो तर करायला तू होतीस. तुझ्या जागी मी उभा राहीन, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

अजून एक आहे. तेच खरं लिहवत नव्हतं.

वैशाखात, ऑपरेशन होऊन मी घरी आलो तेव्हा, एका दुपारी मी ओसरीवर खाटेत पडलो होतो. तुला वाटलं झोपलोय. माझ्या गुडघ्याला लावायला तू कडूबाईच्या फ्रीजमधला बर्फ आणला होतास. ओट्याच्या पायऱ्या तुला चढवेनात. तू उलटी बसलीस. भांडं आधी वरच्या पायरीवर ठेवायचीस, मग हातांच्या रेट्यानं स्वतःला वर ओढायचीस. आवाज होऊ नये म्हणून पदराचा बोळा दातात धरला होतास.

मी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. तू बर्फ ठेवलास तेव्हा आत्ताच जाग आल्यासारखं केलं.

तेव्हा सांगता आलं असतं. आज सांगतोय ते सोमवारी डॉक्टर सांगतीलच म्हणून. एवढासा चांगुलपणाही माझा स्वतःचा नाही.

ऑपरेशन करून घे. मी येतो, तुझं सगळं करतो. येऊ का, एवढंच कळव.

तुझा म्हणवत नाही,
रंगनाथ


भिंगार,
२० नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप माधुरीचे बाबा यांस बनाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. डॉक्टरांकडं आमी सोमवारीच जाऊन आलो.

डॉक्टर म्हनले, "काय काकू, गेली का भीती?" मी म्हनलं, कसली भीती? मग सगळं निघालं. माधुरी तिथंच रडाया लागली. मी न्हाई रडले. मला आधी लाज वाटली. डॉक्टरांपुढं तुमचं नाव खाली जाऊ नये म्हनून मी म्हनले, व्हय, मीच भेत हुते.

मग तुमचं पत्र वाचलं. गुडघ्याचं मी गिळलं असतं. मानसाला भ्या वाटतं, मलाबी वाटतं. पन पायऱ्यांचं तुमी लिवायला नको हुतं. त्या दुपारी तुमाला झोप लागलेली बघून मला लई बरं वाटलं हुतं. मनात म्हनले, ह्यांचं दुखनं तरी थांबलं. माझ्याजवळ तेवढं एक चांगलं हुतं. ते आता न्हाई.

बुधवारी ऑपरेशन ठरलंय. आधी डावा पाय, मग हिवाळा सरल्यावर उजवा. माधुरीनं सुट्टी काढलीय, व्यायाम शिकवायला एक बाई घरी येनार हायेत. तुमी येऊ नका. मी चालाया लागले की पुनतांब्याला यायचं का न्हाई, ते माझं मी ठरवीन.

शेवटाला 'लोभ असावा' असं लिवतात. ते आत्ता लिवत न्हाई.

बनाबाई