जॅक आहे, दांडा नाही

दादा,

बाबांना डोळे तपासायला घेऊन चाललेय, जेवणापर्यंत परत येऊ. उद्या निघायचंय आणि तू कॅरव्हॅनमध्ये भरलंयस काय, तर स्पीकर आणि घडीच्या खुर्च्या! जॅक आहे, त्याचा दांडा नाही. स्टेपनीत हवा नाही. फॅन बेल्ट, फ्यूज, मागच्या दिव्यांचे बल्ब, कशाचाच पत्ता नाही. गेल्या खेपेला भर उन्हात रस्त्याकडेला बसलो होतो, ते विसरलास वाटतं. सगळं आजच आण, 'बघू' म्हणू नकोस.

तू बाबांचं वर्कशॉप विकल्यापासून तुम्हा दोघांचा अबोला, आणि मधल्यामध्ये माझ्या नाकी नऊ आलेत. आज सकाळी बाबांनी त्यांची पान्यांची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली. तीच, जिला ते कुणाला हात लावू देत नाहीत. मी म्हटलं, "तुम्ही तर येणार नव्हता." तर म्हणाले, "मी कुठं येतोय? गाडी अडली तर त्याला बारीक पाने लागतील."

पेटी तुझ्या सीटमागे आहे. आम्ही आलो की त्यांना तुझ्या तोंडाने 'चला' म्हण. तेवढं एक मी तुझ्या वतीने सांगणार नाही.

– छोटी