गिरणीपाशी अर्धा तास

प्रिय अप्पा,

'तीर्थरूप' लिहीत नाही. होस्टेलवर गेले तेव्हा हौसेनं एकदा तसं पत्र पाठवलं होतं, तर तुम्हाला ते कोर्टातून आल्यासारखं वाटलं आणि तुम्ही आधी आईला उघडायला लावलंत.

तुम्ही जाऊन दीड महिना झाला. दुपारी जेवून पडलात ते उठलाच नाहीत. इतक्या दिवसांत तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटत नाही. जेवते, झोपते, भेटायला येणाऱ्यांना चहा करते. परवा आत्या म्हणाली, रडून घे गं, मोकळी हो. मी बरं म्हणाले आणि कपबशा विसळायला उठले. आज लिहितेय ते कामासाठी. सोमवारी मला विद्यापीठात प्रबंधाचं चौथं प्रकरण द्यायचंय, आणि ते प्रकरण म्हणजे तुमची वही आहे.

गाडी आणली तो दिवस आठवतो का? बॅटरीवरची, बिनआवाजाची तीनचाकी. चालू झाली की नाही तेच कळेना म्हणून तुम्ही दोनदा किल्ली फिरवलीत! प्रयोगशाळेत गुणी ठरलेली ही गाडी आपल्याकडच्या उन्हात, चढावर, दुधाचे कॅन लादून टिकते का, एवढाच माझ्या संशोधनाचा प्रश्न होता. तेरचं दूध धाराशिवच्या शीतकरण केंद्रावर पोचवण्यात तुमचा जन्म गेला, तोही धूर ओकणाऱ्या डिझेलच्या टेम्पोनं. तुमच्याहून चांगला चालक मला कुठं मिळणार होता? सरांना तुमचं नाव मीच सुचवलं.

दुपारभर पत्र्यावरच्या सौर पॅनेलवर गाडी चार्ज व्हायची आणि संध्याकाळचं दूध घेऊन तुम्ही निघायचात. नोंदी आपोआप टिपणारं यंत्र विभागात एकच होतं, ते दुसऱ्या गाडीवर बसवलेलं. तुमच्याकडं वही. निघताना बॅटरी किती, पोचल्यावर किती, वजन किती, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात तुम्ही रोज 'ठीक' लिहायचात. एकदा 'ठीक. वारा होता' असं लिहिलंत, तर सरांनी ते पान सगळ्या विभागाला दाखवलं. इतकी नेटकी वही शिकलेली माणसं ठेवत नाहीत, म्हणाले.

मागच्या रविवारी वाटेवरच्या गिरणीवाल्या कमलमावशी घरी आल्या. हातात पिशवी, पिशवीत गाडी चार्ज करायची वायर. अप्पांची वायर आमच्याकडंच राहिली होती, म्हणाल्या. तिथं कशी काय राहिली, मी विचारलं.

"चढाच्या आदी रोज थांबायचे की," मावशी म्हणाल्या. "अर्धा घंटा गाडी लावायची, तवर बाजंवर बसायचं. पोरीला सांगू नगा म्हनले, तिची परीक्षा हाय."

मी त्यांना चहा दिला. मग एकेक विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. कॅन रोज दोन जास्तीचे असायचे. शिवाय दवाखान्याला निघालेली एखादी म्हातारी, एसटी चुकलेलं कुणीतरी. वजनाची मर्यादा मी तुम्हाला किती वेळा सांगितली होती अप्पा? तुम्ही ती वहीत पाळलीत, रस्त्यावर नाही. आणि वाटेतल्या चार्जिंगचा वहीत रकानाच नव्हता, म्हणून तुम्ही ते लिहिलंच नाहीत. हुशार तर होताच!

गाडी नापास झाली की पोरगी नापास, असं वाटलं का तुम्हाला? गाडी चढावर थांबली असती तर तेसुद्धा माझं संशोधनच होतं. पण हे मी तुम्हाला कधी समजावून सांगितलं? पहिल्या महिन्याचे आकडे बघून मी धावत पेढे घेऊन आले. पेढे खाल्लेला बाप पुढच्या महिन्यात 'गाडी दमली' असं कसं लिहील?

तुमचा राग यायला हवा होता. तोही आला नाही.

सरांना यातलं काही माहीत नाही. मी गप्प बसले तर कुणालाच कळणार नाही. सांगितलं तर प्रकरण जातं, वर्ष जातं, शिष्यवृत्तीची मुदत संपते. आणि ज्या वहीचं एवढं कौतुक झालं ती खोटी होती, हे तुमच्या माघारी मला माझ्या तोंडानं सांगावं लागतं. पण बेंबळीच्या बचत गटातल्या बायका आमच्या निकालाची वाट बघतायत. त्यांना दुधासाठी अशाच गाड्या घ्यायच्यात. त्यांच्याही वाटेला चढ आहे, आणि कमलमावशी नाहीत. भरल्या दुधानं त्या मधेच अडकल्या तर?

तीन दिवस घोळ घालून शेवटी आईला विचारलं. ती शेंगा फोडत होती.

"चढ हाय तो हाय," आई म्हणाली. "तुज्या वहीनं सपाट व्हनार हाय का?"

आणि पुढची शेंग उचलली. वायरीचं तिला आधीपासून माहीत असणार, असा माझा संशय आहे. मी विचारलं नाही.

काल संध्याकाळी गाडी मीच काढली. जास्तीचे दोन्ही कॅन घेतले. मागं चुलतभाऊ दत्ता तुमचा टेम्पो घेऊन होता. गिरणीपाशी थांबले नाही. निम्म्या चढावर गाडी मंदावली आणि उभी राहिली. दत्तानं दूध टेम्पोत घेतलं. मी वही उघडली, वेळ लिहिली, जागा लिहिली. शेऱ्यात 'थांबली' एवढंच लिहायचं होतं, पण वरच्या ओळीत तुमचं 'ठीक' होतं आणि माझा हात काही केल्या चालेना. दीड महिन्यात पहिल्यांदा मला वाटलं, तुम्ही नाही आहात.

मग लिहिलं.

अप्पा, सोमवारी मी सरांना सगळं सांगणार आहे, हा माझा शब्द. यापुढं महिनाभर रोज खरं वजन घेऊन त्याच वाटेनं जाईन आणि गाडी जिथं थांबेल तिथलीच नोंद करीन. बेंबळीच्या बायकांना निकाल सांगायलाही मीच जाईन. तुमच्या नोंदी रद्द करायचा विभागाचा एक फॉर्म असतो, त्यात कारण लिहावं लागतं. 'चालकाने चुकीची माहिती दिली' असं लिहायची पद्धत आहे. मी तसं लिहिणार नाही. संशोधनात खरं तेच लिहायचं असतं, म्हणून लिहीन: चालक संशोधिकेचे वडील होते.

तुमची,
मीना