वर्क फ्रॉम होम

प्राचार्य साहेब,

कोर्स झाल्यावर काय करता, हे विचारायला तुमच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजातून फोन आला होता. मी म्हटलं, "नोकरी कुठली? घरीच काम असतं." म्हणजे घरातलं धुणंभांडं. तुम्ही नेरूळ स्टेशनबाहेर माझ्या फोटोचा बॅनर लावलात, खाली 'वर्क फ्रॉम होम'. एवढं डोकं शिकवताना चालवलं असतंत तर फी वाया गेली नसती.

तो बॅनर बघून माझ्या नणंदेनं तुर्भ्याची पॅकिंगची नोकरी सोडून तुमच्याकडे ॲडमिशन घेतली. मी तिला खरं सांगितलं, तर म्हणाली, "वहिनी, मी पुढे गेलेली बघवत नाही ना तुम्हाला?"

हे पत्र पाठवत नाही. पाठवलं तर तेही अभिप्राय म्हणून छापाल. बॅनरवर माझ्या शेजारी जागा मोकळी आहे, तेवढी तिच्यासाठी ठेवा.

तुमची यशस्वी विद्यार्थिनी,
उज्वला, कोपरखैरणे