धवलारणीच्या नातीचा संप

आये, तुझी नात, माझी लेक, लग्न करणार नाही म्हणते. रुसून नाही, रीतसर संप म्हणून. तिच्या मैत्रिणीला नवऱ्याने हात मोडेपर्यंत मारलं, ती माहेरी आली, तर गावकीच्या बैठकीत पुरुषांनी तिला परत नांदायला धाडायचं ठरवलं. ती बाहेर ओट्यावर बसलेली, आत कोणी बोलावलंसुद्धा नाही. ती गेली नाही, एवढं बरं केलं. मग तुझ्या नातीने आणि आजूबाजूच्या गावांतल्या मुलींनी नवरात्राच्या मंडपात माईक हातात घेऊन सांगितलं, गावकीत बायका बसेपर्यंत लग्न नाही, मुलांबरोबर फिरणं नाही, आणि कोणाच्या हळदीत नाचणंही नाही. आता हळदीला डीजे घरं हलवतो आणि अंगणात नुसते मुलगेच एकमेकांच्या पायावर पाय देत नाचतात. मला हसू आवरत नाही.

सुरुवातीला मात्र मी घाबरले, आणि घाबरले ती तुला. तू धवलारीण, अर्ध्या पनवेल-उरणची लग्नं तू लावलीस. भटजी उशिरा आला तर चालायचं, पण तू धवले, लग्नविधींची ती गाणी, गायल्याशिवाय एकही विधी पुढे सरकत नसे. मी शिकायचंय म्हणून 'इतक्यात नको' म्हटलं, तेव्हा चुलीपुढून तू खेकसली होतीस, "दुसऱ्यांच्या पोरी मी उजवाच्या, न माजी घरान बसवाची?" मी मुकाट्याने बोहल्यावर चढले. आता तुला काय तोंड दाखवू, असंच वाटत राहिलं.

आणि मग नदीपलीकडचं ते लग्न आठवलं. मी लहान आहे, तुझा पदर धरून मांडवात बसलेय. वरबाप मोटारसायकलसाठी अडून बसलाय, नवरीचा बाप हात जोडतोय. तू गाता गाता थांबतेस. "गला बसलाय माजा," तू म्हणतेस, "तुमचा मागना सरला की सांगा, मंग गाईन." आणि खुशाल पान लावायला घेतेस. सगळा मांडव ताटकळतो, वरबापाला घाम फुटतो. शेवटी तो मोटारसायकल नको म्हणाला आणि तुझा गळा लगेच मोकळा झाला. हे आठवलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तू नातीला ओरडली असतीस, पण तिला अडवलं नसतंस.

गेल्या रविवारी जासईचं स्थळ आमच्या खांदा कॉलनीतल्या घरी आलं. तुझे जावई नेहमीसारखे गॅलरीत जाऊन उभे राहिले. मुलाची आत्या लाडू खात म्हणाली, "पोरींचं खूळ हाय, उतरंल. तुमी फक्त हो बोला." तुझी नात दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही उतरायचं. आणि उतरू नये असंच मला वाटतं." ते गेल्यावर पोरगी गळ्यात पडून रडली. मग आम्ही दोघींनी पाय वर घेऊन उरलेले लाडू संपवले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तू गेलीस, आता हे पत्र पाठवायचं तरी कुठे, म्हणून कपाटातच राहील. तुला एकटीला सांगते. ऐकलंय की एका गावची गावकी बायकांना बसवायला तयार होतेय. पोरी खूश आहेत, मीही टाळ्या वाजवल्या. पण आये, मनातून वाटतं, सगळ्या गावांनी इतक्या लवकर ऐकू नये. अजून थोडे दिवस ती माझ्याजवळ राहील.