मागून आलेला रुमाल

प्रिय सूनबाई,

आज मी भर वर्गात एकीच्या कानाखाली वाजवली. हो, मी! पाळणाघरात सव्वीस वर्षं काढलेली, एकाही मुलावर कधी हात न उगारलेली तुझी सासू. माझा माझ्यावरच विश्वास बसत नाहीये.

पाळणाघरातल्या सगळ्यांना आता प्रशिक्षण सक्तीचं केलंय. मी नाक मुरडतच गेले. शिकवायला आलेल्या बाईंना पाहून म्हटलं, ही कालची पोरगी मला मुलं सांभाळायला शिकवणार? तिने आमच्यातल्या निम्म्या जणींना बाळं केलं. बाळांनी हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं, बाकीच्यांनी रोजच्यासारखं त्यांचं सगळं करायचं. मी आपली मजेत बसले होते, तेवढ्यात मागून एक हात आला, कपाळ धरून डोकं मागे ओढलं आणि ओल्या रुमालाने माझं नाक खसकन पुसलं. अगं, जीवच गेला माझा! श्वास कोंडला, कोण आहे कळेना, आणि हात आपोआप उठला. पाहते तर आमची मदतनीस चिमणी, गाल धरून उभी. रडवेली होऊन म्हणाली, मावशी, तुम्हीच तर शिकवलंत, मागून पुसलं की मूल वळवळत नाही.

खरंच गं, मीच शिकवलं. मिनिटात दहा नाकं, असा माझा तोरा! तिची माफी मागितली, पुन्हा बसले. या वेळी ती समोरून आली, तरी रुमाल दिसताच मी मान फिरवली. ठरवून नाही, आपसूक. आणि मला धस्स झालं. आपलं पिल्लू मला बघून अशीच मान फिरवतं.

मागे मी त्याचं नाक पुसायला गेले, तेव्हा तू म्हणाली होतीस, आई, तो घाबरतो, आधी त्याला रुमाल दाखवा. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, तूच त्याला लाडावून ठेवलंयस, आणि पिशवी उचलून निघाले. दोन महिने तुझे फोनही घेतले नाहीत. केवढी गाढव मी! नातवाला माझी भीती वाटत होती आणि मी तुझ्यावर रुसले होते.

रविवारी येऊ का गं? आल्या आल्या उचलणार नाही त्याला. समोर जमिनीवर बसेन, रुमाल दाखवेन, विचारेन. त्याने मान फिरवली तर थांबेन. नाक वाहिलं तर वाहू दे मेलं.

तुझीच,
आई